कार्बनचे उरलेले दोन ठिपके

वैष्णवीने पडवीतल्या फरशीवर खडूने दोन गोल काढले. डावीकडच्या गोलाभोवती चार ठिपके दिले, उजवीकडच्याभोवती सहा फुल्या मारल्या, आणि मान वर न करता बंद दाराकडे हाक टाकली.

“ताई, हाय ना?”

आतून उत्तर यायला जरा वेळ लागला.

“हाय गो. कुठं जाणार मी?”

वैष्णवीने श्वास सोडला. मोबाइलवर चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढची हाक सव्वाचारला मारायची असं मनाशी ठरवून ती पुन्हा गोलांकडे वळली. डावीकडचा कार्बन, उजवीकडचा ऑक्सिजन. दोघांनाही आपल्याभोवती आठ-आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, दोघांकडेही कमी असतात, म्हणून ते एकमेकांचे धरून बसतात, एवढं तिच्या डोक्यात बसलं होतं. उद्या सकाळी शहापूरला कॉलेजात अकरावीची चाचणी होती आणि कार्बन मोनॉक्साइडची रचना तीन मार्कांना येणार हे सरांनी जवळजवळ सांगूनच टाकलं होतं.

तिने मध्ये दोन ठिपके आणि दोन फुल्या मांडल्या. ऑक्सिजनचे आठ भरले. कार्बनचे मात्र सहाच झाले. तिने ते पंजाने पुसले. पुसता पुसता तिची नजर पुन्हा दाराकडे गेली.

अंगणात तिची आई, हौसा, सुपात हरभरे निवडत बसली होती. उद्या दुपारी बारसं होतं, घुगऱ्यांसाठी पायलीभर हरभरे भिजत घालायचे होते. थोरली लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं, चौथ्या दिवशी मायलेकरं घरी आली आणि पाचव्या दिवसापासून रोज शेक सुरू झाला. आज रविवार, अकरावा दिवस. नथू, म्हणजे या दोघी पोरींचा बाप, पाळण्याला बांधायची खेळणी आणि पेढे आणायला शहापूरला गेला होता. घरात आनंद होता. फक्त वैष्णवी गेले दोन दिवस एक काळजी घेऊन फिरत होती, आणि आनंदाच्या घरात काळजी घेऊन फिरणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही.

शेक देणारी हिराबाई आत्ताच उठून गेली होती. सत्तरी उलटलेली ही सुईण. हल्ली बाळंतपणं दवाखान्यात होतात, त्यामुळे तिच्या वाट्याला आता अंग चोळणं आणि शेकणं एवढंच उरलं होतं, पण तेवढ्यात ती कोणाला पुढे जाऊ देत नसे. आधी कोळसे अंगणात पेटवायची, धूर पार निघून जाईपर्यंत वारा घालायची, निखारे लालभडक फुलले की मगच लोखंडी घमेलं आत न्यायची. घमेलं बाजेखाली ठेवायचं, वर ओवा, बाळंतशोपा आणि लसणीच्या साली टाकायच्या, बाजेवर आई आणि लेकरू. मग दार लावायचं, खिडकी लावायची, फटीत जुनं लुगडं कोंबायचं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. धूर नसलेला निखारा म्हणजे हिराबाईच्या हाताची खूण, असं किन्हवलीपर्यंत बोललं जाई.

आणि वैष्णवीला नेमकी त्या धूर नसलेल्या निखाऱ्याचीच भीती वाटत होती.

शुक्रवारी सरांनी फळ्यावर हाच रेणू काढला होता. परीक्षेत न येणारं एखादं वाक्य जाता जाता सांगायची त्यांना सवय होती. कोळसा कोंडलेल्या जागेत जळाला, हवा कमी पडली, की हा वायू होतो, ते म्हणाले. रंग नाही, वास नाही. माणसाला कळतसुद्धा नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. वर्गातली पोरं पुढच्या आकृतीकडे वळली. वैष्णवीचं पेन तिथेच थांबलं. पूजाताई रोज शेक झाला की डोकं धरून बसायची. परवा ओकली. हौसा म्हणाली, पित्त. हिराबाई म्हणाली, दृष्ट. आणि बाळ असं गाढ झोपायचं की दूध पाजायला उठवताना नाकी नऊ येत. “बघ, शेकानं पोर कसं शांत झोपतंय,” हिराबाई कौतुकाने सांगायची.

शुक्रवारी संध्याकाळी वैष्णवीने आईला हे सांगितलं. हौसाने ऐकून घेतलं. ती वाईट बाई नव्हती, फक्त तिचं म्हणणं ठरलेलं असायचं.

“आमच्या सात पिढ्या शेकल्या. मेल्या काय?”

“आये, पण पुस्तकात हाय.”

“पुस्तकाला बाळंतपण झालंय काय कवा?”

शनिवारी वैष्णवीने कोणी बघत नाही असं पाहून खिडकी दोन बोटं सरकवली. हौसाला ते पाच मिनिटांत कळलं. तिने खिडकी लावली, वर गोधडी टांगली आणि दिवसभर धाकटीशी बोलली नाही. आरोग्य केंद्राची आशाताई रंजिता मागच्या आठवड्यात घरी येऊन गेली होती, तिनेही खोलीत कोळसे ठेवू नका म्हणून बजावलं होतं. हौसाने मान डोलावली, तिला चहा दिला, लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि ती पायरी उतरल्यावर हिराबाईला निरोप धाडला. सरकारी माणसाला नाही म्हणायचं नसतं आणि त्याचं ऐकायचंही नसतं, ही गावची जुनी रीत.

हिराबाईच्या कानावरही हे गेलंच. आज दार ओढून घेताना तिने वैष्णवीच्या वहीकडे नजर टाकली होती. “काय गो, अकरावी शिकलीस नि सुईण झालीस?” असं म्हणून ती हसत हसत पायरी उतरली. हौसाही हसली होती. म्हणून मग वैष्णवी आता पडवीत ठाण मांडून बसली होती. दार उघडायची हिंमत नव्हती आणि तिथून उठायचीही नव्हती. दर पाच मिनिटांनी हाक मारायची, एवढं एकच तिच्या हातात होतं.

“ताई, हाय ना?”

“...हाय.”

सव्वाचार. तिने पुन्हा आकृती काढली. ऑक्सिजनने चार फुल्या मध्ये दिल्या, कार्बनने दोनच ठिपके. मध्ये सहा झाले, तीन जोड्या. आता दोघांचेही आठ भरत होते. इथे ऑक्सिजन आपल्या पदरच्या दोन जास्तीच्या देतो, म्हणून हे जमतं. तिला आकृती सुटल्याचा आनंद झाला आणि तो आनंद झाल्याची लगेच लाजही वाटली. कार्बनच्या बाहेरच्या बाजूला दोन ठिपके उरले होते. कोणाशी न जोडलेले. सर म्हणाले होते, हे दोन विसरलात तर मार्क गेले.

“ताई?”

“हं.”

चार वीस. ‘हाय’चा ‘हं’ झाला होता. वैष्णवीने अंगणाकडे पाहिलं. हौसा सूप पाखडत होती. उद्या शंभर माणूस जेवायला येणार, जावयाकडची मंडळी मुरबाडहून जीप करून येणार. आज घरात तमाशा झाला तर तो वर्षभर पुरेल. नि दार उघडलं आणि आत ताई नुसती झोपलेली असली, तर आई तोंड बघणार नाही. तिने नखाने फरशीवरचा खडू खरवडला. खडूची पूड नखात गेली.

“ताई?”

चार तेवीस. अजून दोन मिनिटं बाकी होती, पण तिला थांबवेना.

“ताई! ए ताई!”

आत काहीच हललं नाही. बाज करकरली नाही, बांगडी वाजली नाही.

वैष्णवी कशी उठली ते तिला नंतर आठवलं नाही. दाराची कडी बाहेरून नुसती अडकवलेली होती. दार ढकलताच आतली ऊब तोंडावर आली. ओव्याचा, तेलाचा, गरम गोधडीचा चांगला वास. बाळंतिणीच्या खोलीला असतो तसा वास. त्यात भीतीदायक असं काही नव्हतं आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. तिने गोधडी ओढून काढली, खिडकी सरकवली. पूजा भिंतीकडे तोंड करून पडली होती. खांद्याला धरून हलवल्यावर तिने डोळे उघडले, पण ते वैष्णवीवर ठरेनात.

“उठ. बाहेर चल. ताई, उठ!”

“डोकं... डोकं फुटतंय गो.”

वैष्णवीने बाळाला उचललं. ते ओल्या फडक्यासारखं तिच्या हातावर पडलं. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने बहिणीचा दंड, अशी ती त्या दोघांना घेऊन दाराबाहेर आली. पूजा पडवीच्या काठापर्यंत गेली, खांब धरून खाली बसली आणि अंगणात ओकली.

सूप टाकून हौसा धावली.

“अगो, काय केलंस! ओल्या बाळंतिणीला वाऱ्यावर आणलंस? जल्ला तुझा अभ्यास! दे, पोर दे इकडं!”

“आये, थांब.”

“दे म्हणते ना!”

“आये, ते उठत नाय!”

हौसाचे हात हवेतच राहिले. वैष्णवीने बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. बाळाचं तोंड अर्धवट उघडं होतं, ओठांवर दुधाचा पांढरा डाग. छाती हलतेय की आपलाच हात हलतोय हे तिला कळेना. तिसरी टिचकी तिने इतकी जोरात मारली की एरवी तिला स्वतःलाच वाईट वाटलं असतं. बाळाच्या कपाळावर आठी पडली. तोंड वेडंवाकडं झालं. आणि मग ते रडलं. आधी बारीक, मग चिडून, मग अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. वैष्णवी त्याला छातीशी धरून तिथेच खाली बसली.

तिने रंजिताला फोन लावला. दोन वाक्यांत सगळं सांगितलं. रंजिता एरवी बोलायला लागली की थांबत नसे, आज तिने एवढंच सांगितलं, “तिघांनी बाहेरच बसा. आत कोणी जायचं नाय. मी गाडी घेऊन येते, अर्धा तास लागंल. दवाखान्यात नेऊ, ऑक्सिजन लावायला लागंल.”

अर्धा तास हा पाच माणसांच्या गप्पांत कुठे जातो ते कळत नाही. पडवीत बसलेल्या तीन बायकांना तो सरता सरेना. ऊन उतरलं होतं. शेताकडून गार वारा यायला लागला होता, पौषातला. पूजा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. हौसाने बाळाला टोपरं घातलं, पदरात घेतलं, वर शाल घातली. बाळ हुंदके देत देत गप्प झालं. हौसा दाराकडे बघू लागली.

“रंजिता येईस्तवर आत बसवू. वारा बाधंल.”

“नाय.”

“आता खिडकी हाय ना उघडी. विस्तव भाईर काढते मी.”

“आये, आत नाय जायचं. ती बोलली ना.”

“तिला काय, तिचं नाय पोर. उद्या सर्दी भरली छातीत, मग? बारसं हाय उद्या. मी काय जावयाला सांगू, माझी धाकटी बोलली म्हणून पोराला थंडीत बसवलं?” हौसा उठायला लागली.

वैष्णवी दारात जाऊन उभी राहिली. आईला अडवायची ही तिची जन्मातली पहिली वेळ. आपण धक्का खाऊ शकतो, हौसाच्या दंडात अजून भारे उचलायचं बळ आहे, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने एकच गोष्ट केली. तिला जी येत होती ती.

“हे बघ. ये, हे बघ इथं.”

“काय बघू? रांगोळी?”

“बस तरी.”

हौसा बसली नाही, पण थांबली. वैष्णवी फरशीवर ओणवी झाली आणि खडूच्या टोकाने एकेक खूण दाखवत भराभर बोलू लागली.

“हा कोळसा. कार्बन. ह्याचे चार ठिपके. ही हवा, हिच्या सहा फुल्या. दोघांनी मिळून मध्ये सहा ठेवले. एवढी घट्ट गाठ मारली की सुटत नाय. आता ह्या कोळशाकडं हे दोन उरले. बघ, इकडं बाहेर. हे दोन मोकळे. हे श्वासातून आत जातात. तुला रंजिता लोहाच्या गोळ्या देते ना? रक्तात लोखंड असतं. त्या लोखंडावर हवा बसते नि अंगभर फिरते. हे दोन ठिपके जाऊन त्या लोखंडाला धरतात नि सोडत नाय. हवेला जागाच नाय उरत. एस.टी.त सीटवर आधीच कोणी बसलेलं असतं ना, तसं. ताई श्वास घेते, घेते, पण हवा बसणार कुठं?”

हौसाने त्या दोन ठिपक्यांकडे पाहिलं. लहानपणापासून तिने ठिपके मांडले होते, सणाला, लग्नाला. दहाच ठिपक्यांची एवढी भीती घालणारी रांगोळी तिने पाहिली नव्हती.

“वास येत नाय?”

“नाय.”

“धूर?”

“धूर पण नाय. हिराआजीचे निखारे चांगले असतात म्हणूनच कोणाला कळत नाय.”

“मग मी तुमा दोघींच्या टायमाला शेकली ती? हिराबाईनंच शेकली. तुमी जगलात ना?”

वैष्णवीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. शुक्रवारपासून तिने त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं, तोंडी परीक्षेला ठेवावं तसं.

“तेवा आपलं घर कुडाचं होतं, आये. कारवीच्या कुडातून, कौलातून हवा ये-जा करायची. तो वायू साठायचाच नाय. आता ही घरकुलाची खोली, वर स्लॅब, भिंतीला प्लास्टर, खिडकीला रबर. बाबाच बोलतो ना, मुंगीला पण वाट नाय ठेवली. हिराआजी तीच हाय, कोळसा तोच हाय. घर बदललं.”

शालीवर थोपटणारा हौसाचा हात थांबला. ती खाली बसली. मग दुसऱ्याच कोणाशी बोलावं तसं तिने विचारलं,

“नि कुडाला आतनं पिशव्या लावल्या तर?”

“कसल्या पिशव्या?”

“युरियाच्या. उसवून, एकाला एक शिवून. सगळीकडनं. वर कौलाखाली पण.”

“मग तेच,” वैष्णवी पटकन म्हणाली. आई पहिल्यांदाच ऐकत होती, प्रश्न विचारत होती, बरोबर मुद्द्याचे प्रश्न. जिंकत आल्याच्या भरात तिचा आवाज चढला. “मग ती खोली नि ही खोली एकच झाली.”

“पोराला काय होतं?”

“झोप लागते. गाढ. आता बघितलंस ना.”

“गाल कसे होतात? पांढरे पडतात?”

“नाय. उलट. सर बोलले, तो वायू बसला की रक्त लालभडक होतं. माणूस गेला तरी गाल लाल...”

ती मध्येच थांबली. आईने गालांचं का विचारलं, हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं, आणि शब्द तोंडातून गेलेले होते.

पूजाच्या आधी एक मुलगा झाला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. हौसाच्या माहेरी, मुरबाडकडे, टोकावड्याच्या पुढे डोंगराखाली त्याचा जन्म. नवव्या दिवशी सटवाईने नेला. पोरींना एवढंच सांगितलेलं होतं आणि पोरींनी एवढंच धरलं होतं.

“झोपलेलाच वाटत होता,” हौसा म्हणाली. नजर अंगणात, उपड्या पडलेल्या सुपावर. “सकाळचं शेकून झालं. माझी आय बोलली, बघ कसा झोपलाय, गाल कसे लाल झालेत. उठवू नको बोलली. दुपार झाली.” ती थांबली. “मी पण दोन दिवस ओकत होती. सगळी बोलली, दुःखानं.”

“आये...”

“थंडी लय असते तिकडं. सातवा महिना संपलेला मला. दिवसभर बसून पिशव्या मीच शिवल्या. आय बोलली, बस झालं, कुडाला लागल्या ना. मीच बोलली, नाय, वर पण लावू. पोराला वारा नको.”

तिचा आवाज चढला नाही, फुटला नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं वैष्णवीला वाटलं. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. हाताला खडू होता, लुगड्यावर पांढरे डाग उठले. पूजाने डोळे उघडले होते. ती आईकडे बघत होती.

बाळ शालीत कण्हलं. हौसाने त्याला वर घेतलं, तोंडाशी तोंड नेऊन त्याचा श्वास गालावर घेतला, पुन्हा घेतला, आणि मग वैष्णवीकडे वळली.

“हे तुज्या पुस्तकात कवापासून हाय?”

वैष्णवीच्या मांडीशी वही पडलेली होती. त्यात शुक्रवारच्या तासाला, समासात, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. सरांचं वाक्य, जसंच्या तसं. डॉक्टरांना ही गोष्ट दीडशे वर्षांपासून माहीत आहे. त्याखाली तिने दोन रेघाही मारल्या होत्या. आईला ते दाखवायचं ठरवून.

गेले तीन दिवस ती एकच वाक्य बोलत होती. पुस्तकात आहे म्हणजे खरं आहे. तिने वही उलटी केली आणि त्यावर हात ठेवला.

“यंदाच आलंय, आये,” ती म्हणाली. “नवीन शोध हाय. गेल्या वर्षीच्या पुस्तकात नव्हतं.”

“यंदाच?”

“यंदाच.”

हौसा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने थोरलीकडे मान वळवली. पूजा बारावीपर्यंत शिकलेली, दहावीला विज्ञानात गावात पहिली आलेली.

“पूजे. तुज्या टायमाला नव्हतं?”

पूजाने पदराने तोंड पुसलं. तिची नजर वैष्णवीच्या तोंडावरून उपड्या वहीवर गेली, तिथून आईवर आली.

“नव्हतं गो आये,” ती म्हणाली. “असतं तर तुला सांगितलं नसतं काय मी?”

हौसाने मान हलवली. एकदा, दोनदा.

“हां,” ती म्हणाली. “मग कोणाला ठाव असणार?”

आणि बाळाचं टोपरं कानांवरून सारखं करून ती रंजिताच्या गाडीच्या वाटेकडे बघत पडवीतच बसून राहिली.